ऑइल पिणारं इंजिन न खोलता साफ करणे : प्रकल्प नोंदी, नागपूर, मार्च ते जून 2025

गाडी : 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, 1197 सीसी, चार सिलिंडर, पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर उडतं), बीएस-4. कॉम्प्रेशन रेशो 10. फिल्टरसह ऑइल 3.1 लिटर, 5डब्ल्यू-30. पेट्रोलची टाकी 42 लिटर. वापर धरमपेठ, सीताबर्डी, सदर एवढ्यातच. एका वेळचं अंतर तीन-चार किलोमीटर. तक्रार : ऑइल पिते, सकाळी आयडलिंग थरथरतं. दोन गॅरेजांनी हाफ इंजिन काम (इंजिन खोलून रिंगा बदलणं) सांगितलं आहे. त्याआधी रसायनांनी किती निभावतं ते मोजून बघायचं.

8 मार्च (97,840 किमी)

ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरलं. मोजणी इथून सुरू. गाडी दर वेळी त्याच सपाट फरशीवर, रात्रभर उभी असलेली, इंजिन थंड. टॉप-अप वजनावर मोजायचा : डबा ओतण्याआधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवायचा, फरकाला 0.85 ने (ऑइलची घनता) भागलं की मिलिलिटर मिळतात. डिपस्टिकवर अंदाजाने "अर्धा लिटर गेलं" म्हणण्यात शे-दीडशे मिलीची चूक सहज होते, आणि या कामात तेवढ्याच फरकावर निर्णय होतो.

5 एप्रिल (98,850 किमी)

1,010 किलोमीटरला 527 ग्रॅम, म्हणजे 620 मिली. दर हजार किलोमीटरला सुमारे 615. बाहेरून गळती नाही. टॅपेट कव्हर, पुढचं सील, मागचं सील, ऑइल प्रेशर स्विच सगळं कोरडं. कूलंटमध्ये तवंग नाही. म्हणजे ऑइल जळतंय.

धुराची वेळ बघितली. सकाळी स्टार्ट करताना धूर नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह सीलवरचा संशय कमी. वर्धा रोडच्या डबल-डेकर उड्डाणपुलावरून गिअरमध्येच, अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरताना आणि खाली पुन्हा रेस देताना निळा झोत येतो. उतारावर मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम सगळ्यात जास्त असतो. ऑइल रिंग (पिस्टनवरची तिसरी, सगळ्यात खालची) काम करत नसेल तर तेव्हा ऑइल वर ओढलं जातं.

6 एप्रिल

आधीची स्थिती नोंदवली. ही पायरी गाळली तर नंतर "गाडी हलकी वाटते" एवढंच हाती राहतं.

कॉम्प्रेशन, इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला, थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा : 172, 165, 174, 160 पीएसआय. प्रत्येक सिलिंडरमध्ये 5 मिली ऑइल टाकून पुन्हा : 180, 176, 180, 175. ओल्या चाचणीत दुसरा आणि चौथा जास्त वर आले, म्हणजे त्या दोन ठिकाणी रिंगांपाशी थोडी गळती आहे. व्हॉल्व्ह गळत असते तर ऑइल टाकून आकडा हलला नसता.

हे आकडे वाईट नाहीत, आणि इथेच बहुतेक जण फसतात. कॉम्प्रेशन वरच्या दोन रिंगा धरतात. ऑइल खरवडून खाली पाठवण्याचं काम तिसरीचं, आणि ती पूर्ण जाम असली तरी कॉम्प्रेशन उत्तम येऊ शकतं. "कॉम्प्रेशन ठीक आहे, मग ऑइल जातं कुठे?" हा प्रश्न त्यातूनच येतो.

बोरोस्कोप (नळीच्या टोकावरचा बारीक कॅमेरा) प्लगच्या भोकातून सोडला. पिस्टनच्या माथ्यावर जाड काळा थर. चौथ्यात कडेने अर्धचंद्रासारखी धुतलेली चकचकीत पट्टी. ही पट्टी खालून येणाऱ्या ऑइलची खूण. बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात घासून काढलेल्या, तिरप्या रेषा अजून दिसतात, उभे ओरखडे नाहीत. उभे ओरखडे दिसले असते तर प्रकल्प इथेच थांबवला असता. झिजलेलं कुठलंही रसायन भरून काढत नाही. ते फक्त अडकलेलं सोडवतं.

एक इंजेक्टर काढून त्या भोकातून इनटेक व्हॉल्व्हची पाठ बघितली : तपकिरी, दोनेक मिलिमीटरचा खरबरीत थर. ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट-तपकिरी चिकटा आहे, लोण्यासारखा गाळ नाही. हा फरक पुढे फ्लश (ऑइलमध्ये द्रावक घालून इंजिन आतून धुणं) करायचं की नाही ते ठरवेल.

ओबीडी स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने (इंजिनचा कॉम्प्युटर) इंधनात कायम धरलेली वाढ, अधिक 7 टक्के. बाजारात हे दाखवून लगेच "इंजेक्टर चोक आहेत" म्हणतात. पण पंपावर आता ई20 (20 टक्के इथेनॉल) मिळतं. शुद्ध पेट्रोलला एका भागास 14.7 भाग हवा लागते, ई10 ला 14.1, ई20 ला 13.5. ई10 धरून ट्यून केलेल्या गाडीत ई20 भरलं की ईसीयूला चारेक टक्के इंधन जास्त सोडावं लागतं. शुद्ध पेट्रोल धरून केलेली असेल तर आठ-नऊ. म्हणजे या 7 मधला मोठा हिस्सा इंधनाचाच. त्यावर इंजेक्टर काढून बेंचवर नेण्याचं कारण नाही.

पीयूसी : आयडलिंगला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 0.21 टक्के, एचसी (न जळलेलं इंधन) 148 पीपीएम. बीएस-4 ची मर्यादा 0.3 आणि 200. हजार किलोमीटरला सहाशे मिली ऑइल जाळून गाडी पास होते, यातच काय ते आलं.

8 एप्रिल

क्रम ठरवला. या कामात रसायनाच्या ब्रँडपेक्षा क्रम महत्त्वाचा, कारण प्रत्येक द्रव इंजिनात एका ठराविक वाटेनेच जातो आणि सुटलेली घाण कुठेतरी जाऊन बसते.

पेट्रोलच्या टाकीत टाकलेलं औषध इंजेक्टरचं तोंड, इनटेक व्हॉल्व्हची पाठ आणि ज्वलनकक्ष एवढ्यालाच लागतं. ऑइल रिंगच्या खाचेपर्यंत ते पुरेसं पोचत नाही. ऑइलमध्ये टाकलेला फ्लश टॅपेट, चेन, ऑइलच्या वाटा धुतो. खाचेत खालून थोडा पोचतो, पण दहा मिनिटांत तिथला कोक (जळून घट्ट झालेलं ऑइल) सुटत नाही. रिंगेवर थेट मारा करायचा तर प्लगच्या भोकातून द्रव ओतून भिजत ठेवणं हाच मार्ग. थ्रॉटल आणि पीसीव्ही (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) हाताने.

पेट्रोलमधल्या औषधाचा काही भाग रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतो, आणि भिजवणीचा द्रव तर बराचसा चेंबरमध्येच (तळाच्या ऑइलच्या भांड्यात) जातो. म्हणून ऑइल खराब करणारं प्रत्येक काम जुन्या ऑइलवर उरकायचं आणि नवं ऑइल शेवटी. उलट क्रमाने केलं तर नवं ऑइल पहिल्याच आठवड्यात पातळ.

ठरलं ते असं : पीसीव्ही आणि थ्रॉटल, मग एक टाकी पेट्रोल-औषधावर, मग भिजवणी, स्वस्त ऑइलवर धूर काढणं, फ्लश, नवं ऑइल.

12 एप्रिल

घाट रोडवरून सामान. दुकानात रंगीत बाटल्यांची भिंत असते. लेबलच्या पुढच्या बाजूला काही कळत नाही. उत्पादनाचं सेफ्टी डेटा शीट फोनवर उघडून घटक बघावे.

पेट्रोलसाठी पीईए, म्हणजे पॉलिइथरअमाइन असलेलं. स्वस्त बाटल्यांत बहुधा पीआयबीए किंवा नुसतं रॉकेलवर्गीय द्रावक असतं. पीआयबीए व्हॉल्व्हची पाठ साफ करतं, पण ज्वलनकक्षात स्वतःच थर वाढवू शकतं. पीईए ज्वलनकक्षातही साफ करतं आणि मागे राख ठेवत नाही. घेतलेली बाटली 300 मिली, शीटवर पीईए 30 ते 40 टक्के. 40 लिटर पेट्रोलला 90 ते 120 मिली पीईए, दर लिटरला सव्वादोन ते तीन. एका टाकीला एवढं पुरे. दोन बाटल्या एकदम टाकल्या तर जादा न जळलेला भाग ऑइलमध्ये उतरतो, व्हॉल्व्हच्या दांड्यांवर चिकटही धरू शकतो.

न घेतलेल्या गोष्टी : ऑक्टेन बूस्टर (मँगनीज किंवा फेरोसीन असेल तर प्लगवर लालसर थर बसतो), टाकीतलं पाणी शोषणारं अल्कोहोल (ई20 मध्ये पाचवा हिस्सा अल्कोहोलच आहे, वरून आणखी कशाला), आणि ऑइल घट्ट करणारं "धूर बंद" औषध. त्याने धूर काही दिवस दबतो आणि आपली मोजणी बिघडते.

भिजवणीसाठी झायलीन 500 मिली आणि पीईएची आणखी एक बाटली. अ‍ॅसिटोनही सुचवतात, पण ते 56 अंशांना उकळतं. कोमट पिस्टनवर रिंगेत शिरण्याआधीच उडून जातं. झायलीन 140 च्या आसपास उकळतं, म्हणून टिकतं. शिवाय थ्रॉटल क्लीनरचा कॅन, नवा पीसीव्ही व्हॉल्व्ह, फ्लश 250 मिली, साधं ऑइल 3 लिटर, चांगलं ऑइल साडेतीन लिटर, फिल्टर, ड्रेन बोल्टचा वॉशर, चार प्लग. सगळं मिळून पाच-साडेपाच हजारांत.

रॉकेलने फ्लश करायचा सल्ला दुकानातही मिळाला. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटते) 35 ते 40 अंशांच्या आसपास. त्या दुपारी शेडमध्ये 42 होतं. म्हणजे उघड्या ट्रेमधल्या रॉकेलवर ठिणगी पडली की पेट घेणार, पुण्यात हिवाळ्यात चालून गेलेली युक्ती इथे चालेलच असं नाही. बेअरिंगला लागणारं वंगणही त्यात नाही.

13 एप्रिल (98,990 किमी)

पीसीव्ही व्हॉल्व्ह काढला. हलवला तर खुळखुळ येत नाही, जाम. नवा बसवला, नळी आतून कापडाने पुसली. नळीवर कार्ब क्लीनर मारू नये, रबर फुगतं. हा भाग स्वस्तातला स्वस्त, आणि तो जाम असताना क्रँककेसमधला दाब ऑइल वर ढकलतो. रिंगांना दोष देण्याआधी नेहमी हाच बदलावा.

थ्रॉटल : क्लीनर कापडावर मारून पातं आणि कडा पुसली. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचं पातं बोटाने जोरात ढकलू नये, आतले प्लॅस्टिकचे गिअर तुटतात. साफ झाल्यावर आयडलिंग 1,100 ला चढलं. बिघाड नव्हे; काजळीने अडलेली वाट धरून ईसीयूने पातं जास्त उघडायला शिकलेलं असतं. बॅटरीची निगेटिव्ह काढून पंधरा मिनिटं ठेवली, मग एसी बंद ठेवून रेडिएटरचा पंखा दोनदा फिरेपर्यंत आयडलिंगला चालू. 720 ला स्थिरावलं.

टाकीत पाव पेट्रोल असताना पीईए ओतलं आणि पंपावर फुल्ल केलं, म्हणजे भरतानाच ढवळलं जातं. ही टाकी अर्धी झाली म्हणून वर भरायची नाही.

27 एप्रिल (99,560 किमी)

5 एप्रिलपासून 710 किलोमीटरला 340 ग्रॅम, 400 मिली. दर हजारी 563. पीसीव्हीने पन्नासेक मिलीचा फरक पाडला असावा, बाकी दुखणं जागच्या जागी. सकाळची थरथर मात्र गेली. ट्रिम अधिक 5. व्हॉल्व्हच्या पाठीवरचा थर अर्ध्याहून पातळ झालाय, देठाजवळ अजून आहे. एका टाकीत एवढंच होतं. पुढची मात्रा ऑइल बदलायच्या आधीच्या टाकीत द्यावी.

3 मे

भिजवणी. सकाळी साडेपाचला सुरू केली, कारण दुपारी शेडमध्ये 43 असताना झायलीन उघडणं म्हणजे आगीला बोलावणं. त्याचा फ्लॅश पॉइंट तिशीच्याही खाली आहे, म्हणजे पहाटेही सावधपणा तेवढाच. शटर पूर्ण वर, अग्निशामक हाताशी, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, टेबलफॅन लांब आणि वाऱ्याच्या बाजूला, कारण त्याच्या स्विचमध्येही ठिणगी पडू शकते. नायट्राइल हातमोजे, गॉगल, सेंद्रिय वाफेचा मास्क. साधा कापडी मास्क झायलीनच्या वाफेला काहीच करत नाही.

इंजिन आधी पूर्ण गरम केलं, मग इन्फ्रारेड थर्मामीटरवर हेड 55 अंश येईपर्यंत थांबलो. त्याहून गरमवर ओतलं तर नुसती वाफ होते. पूर्ण थंडवर काम फार सावकाश.

प्लगभोवतीची धूळ हवेने उडवून प्लग काढले. कोराडीच्या वीज केंद्राकडून येणारी राख आणि सिमेंट रस्त्यांची भुकटी प्लगच्या विहिरीत बोटभर साचलेली असते. ती आत पडली तर बोअरला पॉलिशपेपर लागल्यासारखंच. प्रत्येक भोकात एकेक लांब काडी सोडून क्रँकच्या बोल्टवर गोटी पाना लावला आणि चारही पिस्टन अर्ध्यावर आणले. पिस्टन अगदी वर असेल तर द्रव ठेवायला जागा नाही, अगदी खाली असेल तर तो बोअरभर पसरतो.

मिश्रण : झायलीन तीन भाग, पीईए एक भाग. प्रत्येक सिलिंडरमध्ये लांब नळीच्या सिरिंजने 30 मिली. भोकांवर कापड, वर झाकण.

दर दोन तासांनी पाना धरून क्रँक थोडा पुढे आणि परत जागेवर. रिंग खाचेत हलली की द्रव मागे शिरतो; नुसतं भिजत ठेवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त. मागे नेताना थोडंच न्यावं. उलटं फिरवताना चेनचा टेन्शनर सैल होतो.

दुपारपर्यंत पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्यातला द्रव पूर्ण उतरला. चौथ्यात निम्मा उरलेला. जिथे द्रव उतरत नाही तिथे खाच सगळ्यात जास्त भरलेली, असं समजायचं. उरलेला ओढून काढला : डांबरासारखा काळा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर दुसरा हप्ता, चौथ्यात रात्री तिसरा. रिंगेमागचा कोक तव्याच्या पाठीवरच्या काजळीसारखा असतो, एका हाताने निघत नाही.

4 मे (99,705 किमी)

सकाळी चौथाही रिकामा.

आता या कामातला सगळ्यात महागडा धोका. एका सिलिंडरचं घनफळ 299 सीसी. रेशो 10, म्हणजे पिस्टन वर असताना उरते ती जागा 299 भागिले 9, साधारण 33 सीसी. एवढा द्रव आत राहिला, प्लग बसवले आणि स्टार्टर मारला तर द्रव दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून सिरिंजने तळ कोरडा केला, बोरोस्कोपने डबकं नाही हे चारही ठिकाणी बघितलं, भोकांवर जाड कापड टाकून हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे दिले. कुठेही अडलं नाही.

जुनं ऑइल काढलं. पाण्यासारखं पातळ, झायलीनचा वास. या ऑइलवर इंजिन एक मिनिटही चालवायचं नाही. ड्रेनच्या भोकातून बोरोस्कोप सोडला : स्ट्रेनरची जाळी मोकळी, तळाला बारीक काळे कण, लोंदा नाही. जाळीवर गाळ दिसला असता तर फ्लश रद्द करून चेंबर उतरवला असता. फ्लशने टॅपेटखालचा गाळ एकदम सुटला की तो थेट जाळीवर बसतो, ऑइलचा लाल दिवा लागतो, आणि दिवा दिसेपर्यंत बेअरिंग सुकलेलं असतं. फ्लशने इंजिन बसल्याच्या बहुतेक गोष्टींत हेच घडलेलं असतं. गाळ असलेल्या इंजिनाला हळू धुणं बरं : चांगलं ऑइल आणि नवा फिल्टर, दर हजार-दीड हजार किलोमीटरला बदल, तीन-चार वेळा.

साधं ऑइल 3 लिटर भरलं, फिल्टर जुनाच. कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर सुटे, प्लग बाहेर, भोकांवर कापड. मग बॅटरी जोडून स्टार्टर पाच-पाच सेकंद, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. उरलेला द्रव कापडावर उडाला आणि ऑइलचा दाबही तयार झाला. भोकांच्या समोर तोंड नेऊ नये.

जुनेच प्लग लावून गाडी बाहेर ढकलली, स्टार्ट केली. पांढरा-निळा धूर, गल्ली भरून. रेस 2,000 ते 2,500 वर धरली. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर लगेच बंद करावं : मिसफायर होतोय आणि न जळलेला द्रव कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतोय असा त्याचा अर्थ, आणि नव्या कन्व्हर्टरच्या किमतीत हाफ इंजिन कामाचा बराचसा खर्च निघतो. इथे दिवा लागला नाही. बाराव्या मिनिटाला धूर पातळ, विसाव्याला बंद.

इंजिन बंद करून फ्लश 250 मिली ओतला, फक्त आयडलिंगला दहा मिनिटं. फ्लशने ऑइल पातळ झालेलं असतं, त्यामुळे रेस द्यायची नाही, गाडी हलवायची नाही, एसी बंद. "जास्त वेळ ठेवलं तर जास्त साफ" हा हिशेब इथे चुकीचा.

गरम असतानाच काढलं, अर्धा तास निथळू दिलं. तरी आत दोनेकशे मिली राहतंच. त्यात फ्लशचा वाटा तेरावा हिस्सा, पंधरा मिली. नव्या तीन लिटरमध्ये अर्धा टक्का. त्याची काळजी नको. नवा फिल्टर, नवा वॉशर, ड्रेन बोल्ट 35 न्यूटन-मीटर, चांगलं ऑइल वरच्या खुणेपर्यंत, नवे प्लग.

कॉम्प्रेशन : 178, 176, 178, 175.

5 मे

जुना फिल्टर कापून घडी उलगडली. काळे कोकचे कण, बोटाने चुरडतात. चुंबकाला काही चिकटत नाही. चमकदार पत्रे दिसले असते तर ते बेअरिंगचे.

टाकाऊ द्रवाचे डबे दोन : निव्वळ ऑइल एका, झायलीन मिसळलेलं दुसऱ्या, कारण द्रावक मिसळलेलं ऑइल पुनर्वापरवाले वेगळं धरतात. 2016 च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल येतं. ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यायचं. गॅरेजमागच्या नाल्यात ओतलं तर ते नाग नदीत जातं.

11 मे (99,870 किमी)

वर्धा रोडने बुटीबोरी आणि पुढे, पहाटे. चौथ्या गिअरमध्ये 3,500 आरपीएमपर्यंत दमाने चढवायचं, मग पाय काढून 2,000 पर्यंत उतरू द्यायचं, पुन्हा. लोडवर वायूचा दाब रिंगांच्या मागे जाऊन त्यांना बाहेर दाबतो, उतरताना व्हॅक्यूम ऑइल वर ओढतो. भिजून मऊ झालेला उरलासुरला कोक या हालचालीने निघतो. पहिल्या काही खेपांना निळा झोत, परतीच्या वाटेवर जवळजवळ नाही.

शहरात हेच घडत नाही म्हणून काजळी साचते. बाहेर 43 अंश असले तरी धरमपेठ ते सीताबर्डी एवढ्यात ऑइल पूर्ण तापत नाही. त्यात उन्हाळ्यात एसी लावून गाडी उभी : मीटर हलत नाही, इंजिन चालूच. दहा हजार किलोमीटरचं ऑइल या वापरात कागदावरच दहा हजारांचं.

1 जून (1,00,720 किमी)

1,015 किलोमीटरला 255 ग्रॅम, 300 मिली. दर हजारी 296. जवळजवळ निम्म्यावर आलं. पीयूसी सीओ 0.08, एचसी 61.

आकडा थोडा जपून वाचावा. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी फुगवतं. महामार्गावर ते उडून जातं. या हजारात बुटीबोरीची फेरी आहे, आधीच्यात नव्हती. तरी हा फरक आपल्या विरुद्ध बाजूचा, त्यामुळे सुधारणा खरी मानायला हरकत नाही.

15 जून

याच पद्धतीने दुसऱ्या गाड्या कराव्या का, असं तीन ठिकाणांहून विचारलं गेलं, म्हणून थोडक्यात.

डायरेक्ट इंजेक्शनची टर्बो पेट्रोल : टाकीतलं औषध इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीला लागतच नाही, कारण पेट्रोल थेट कक्षात उडतं. तिथे मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलाच्या भुकटीचं ब्लास्टिंग. इनटेकमधून फवारा मारला तर सुटलेले खडे टर्बोच्या पात्यांवर जाऊ शकतात.

डिझेल : इनटेकमधली काजळी ईजीआरच्या (सायलेन्सरकडचा धूर पुन्हा इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) धुराची आणि ऑइलच्या वाफेची. ती इंजेक्टरच्या आधी बसते, डिझेलमधलं औषध तिथे जाणार कसं? मॅनिफोल्ड आणि ईजीआर काढून हातानेच. पेट्रोलचं पीईए डिझेलमध्ये टाकू नये. भिजवणी तर नकोच. डिझेलचा रेशो सोळा-सतराचा, उरलेली जागा इतकी कमी की थोडासा द्रवही रॉड वाकवेल, आणि ग्लो प्लगच्या भोकातून तो नीट काढताही येत नाही.

मोटरसायकल : क्लच त्याच ऑइलमध्ये. फ्लश नको.

इनटेकला पाईप लावून हायड्रोजनने "कार्बन क्लीनिंग" करून देणारी मशीन्स शहरात बरीच आहेत. तो वायू कक्षात जळतो आणि पाणी होतो. ऑइल रिंगच्या खाचेत त्याचं काही काम नाही. व्हॉल्व्हच्या पाठीवरून तो नुसता जातो, विरघळवत काही नाही. आधी-नंतरचा बोरोस्कोप दाखवतील तिथे विचार करावा.

29 जून (1,01,630 किमी)

910 किलोमीटरला 175 ग्रॅम, 206 मिली. दर हजारी 226. पाऊस सुरू, महामार्ग नाही, वापर पुन्हा मार्चसारखा, त्यामुळे ही तुलना जास्त सरळ. बोरोस्कोप : चौथ्या पिस्टनवरची धुतलेली पट्टी पुसट झाली आहे, पण आहे. पहिल्या तिन्हींवर कोरडा, पातळ करडा थर. उरलेले सव्वादोनशे मिली बहुधा चौथ्याच्या रिंगेचे आणि काही झिजेचे. दुसऱ्या भिजवणीने चौथ्यात थोडा फरक पडेल, बाकीच्यांत नाही.

ऑइल इथून पुढे 5,000 किलोमीटरला, त्याआधीच्या टाकीत पीईएची 300 मिलीची एक बाटली. टॉप-अप दर हजारी वजनावर. सलग दोन नोंदी 400 च्या वर गेल्या तर चौथ्याची एकट्याची भिजवणी, आणि त्यानंतरही उतरलं नाही तर हाफ इंजिन.